माळावरचे उपरे

ज्येष्ठ सरता सरता तुकोबांची पालखी बारामती सोडते आणि सणसर, बेलवाडी करत इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याच्या शिवारात येते. बेलवाडीला गोल रिंगण होते, अश्व धावतात, टापांखालची माती कपाळाला लावली जाते आणि दिंड्या अंथुर्णे, निमगाव केतकीच्या दिशेने पुढे सरकतात. या वाटेवर लाखो माणसे चालतात. चालताना दोन्ही बाजूंना जी हिरवळ दिसते ती कोणाची, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

एकदा मुद्दाम बघत चला. रस्त्याच्या कडेला दाट काटेरी झुडूप दिसते, ती वेडी बाभूळ. तिच्या पायाशी पांढऱ्या बारीक फुलांचे गाजर गवत. बांधाच्या कोपऱ्यात रंगीत फुलांची घाणेरी. नीरा डाव्या कालव्याच्या चारीला आणि ओढ्याच्या पाणथळीत जांभळट-गुलाबी फुलांचा बेशरम. गावठाणाच्या मागे, वन विभागाच्या जुन्या रोपवनात, गिरिपुष्पाची एकसारखी रांग. पाच नावे झाली, आणि पाचही मूळची अमेरिका खंडातली. आपल्या आजीच्या आजीने यांतले एकही झाड कदाचित पाहिले नसेल. आज गावातल्या मुलाला ‘रान’ म्हटले की हीच झाडे डोळ्यांसमोर येतात.

बाहेरून आलेले ते सगळे वाईट, असे या प्रकरणात म्हणायचे नाही. तसे म्हटले तर आपले ताटच रिकामे होईल. मिरची, बटाटा, मका, शेंगदाणा हे सगळे अमेरिकेतून आले. ज्या ज्वारीच्या भाकरीवर हा अवर्षणी टापू जगला, ती ज्वारी काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. ही पिके माणसाने हात काढला की बांधाबाहेर चार पावले जात नाहीत. शास्त्रज्ञ परके आणि आक्रमक असा भेद करतात तो इथे. जी जात माणसाच्या मदतीशिवाय पसरते, स्थानिक जातींची जागा, पाणी, ऊन, खाद्य हिरावून घेते आणि जिथे शिरते तिथली घडीच बदलून टाकते, ती आक्रमक. जैवविविधतेवर काम करणाऱ्या आंतरसरकारी शास्त्रीय मंचाने २०२३ साली जगभरचा हिशेब मांडला. माणसाने एका भागातून दुसऱ्या भागात नेलेल्या ३७ हजारांहून जास्त जाती नव्या जागी रुजल्या आहेत. त्यांतल्या साडेतीन हजारांवर जाती नुकसान करणाऱ्या आहेत. नोंदल्या गेलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या विलोपनांपैकी ६० टक्क्यांमध्ये अशा आगंतुकांचा हात होता. या आकड्यांमागची गोष्ट लासुर्ण्याच्या एका बांधावर उभे राहूनही दिसते, म्हणून या प्रकरणाची सुरुवात इथून केली.

दख्खनच्या माणसाला आगंतुक झाडाचा पहिला मोठा धडा निवडुंगाने दिला. फड्या निवडुंगही अमेरिकेतलाच. कुंपण म्हणून लावला गेला, आणि मग गावाभोवती, ओढ्याकाठी, पडीक रानात त्याची बेटे वाढत गेली. त्याला आवरण्याची गोष्ट मात्र एका चुकीतून सुरू झाली. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग हवा होता. तो रंग निवडुंगावर जगणाऱ्या एका पिठ्या किड्यापासून मिळतो आणि त्याचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. १७९५ साली ब्राझीलहून तो किडा म्हणून जो आणला, तो निघाला त्याचा भाऊबंद. रंग निकृष्ट निघाला, धंदा बुडाला. पण त्या किड्याने एका जातीच्या निवडुंगाचा असा फडशा पाडला की मैलोगणती बेटे वाळून गेली. दुसऱ्या जातींच्या निवडुंगाला मात्र तो शिवेना. त्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला, आणि पुढच्या काही वर्षांत दक्षिणेतल्या आणि दख्खनमधल्या उरल्यासुरल्या निवडुंगाचे कंबरडे मोडले. किड्याकरवी तण आवरण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत ही गोष्ट आजही सांगितली जाते. एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती: हे किडे फार चोखंदळ असतात. एका जातीचा निवडुंग खाणारा किडा शेजारच्या दुसऱ्या जातीवर उपाशी मरतो. जैविक नियंत्रणाचे सगळे शास्त्र या चोखंदळपणावर उभे आहे.

गाजर गवताची गोष्ट तर थेट पुणे जिल्ह्याची. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात हे अनोळखी झाड दिसले. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे आर. एस. राव यांनी १९५६ साली ते भारतासाठी नवी नोंद म्हणून प्रसिद्ध केले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आले असे सगळीकडे सांगतात, आणि ‘काँग्रेस गवत’ हे नावही त्याच काळाला चिकटलेले आहे. त्याआधीच्या शतकातल्या रॉक्सबर्गच्या कलकत्त्याच्या बागेतील यादीतही या वनस्पतीचे नाव सापडते. तेव्हा ते एकदाच आले नसावे, बहुधा अनेक वाटांनी आले असावे. एक झाड १५ ते २५ हजार बिया टाकते. जनावर तोंड लावत नाही, आणि लावलेच तर दुधाला कडवटपणा येतो. साठच्या दशकात पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे मान, कोपर, चेहरा काळवंडून, खाजून हैराण झालेले रुग्ण येऊ लागले आणि त्याचे मूळ या गवतात सापडले. खुरपणी करणाऱ्या बायकांना हे वैद्यकाच्या पुस्तकातून कळायची गरज नव्हती. त्या पदर हाताला गुंडाळूनच ते उपटतात.

यावर उपाय शोधताना शास्त्रज्ञांनी निवडुंगाचा धडा शिस्तीने गिरवला. गाजर गवत मेक्सिकोच्या बाजूचे, मग तिथे त्याला कोण खाते? पांढुरक्या पाठीवर काळे पट्टे असलेला एक छोटा भुंगा, झायगोग्रामा. १९८३ साली बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने तो आणला. आणला म्हणजे लगेच सोडला नाही. बंद जाळीत त्याच्यापुढे चाळीस वेगवेगळ्या वनस्पती ठेवल्या: पिके, भाज्या, फुलझाडे, गाजर गवताचे नातेवाईक. कशावर अंडी घालतो, कशावर अळी पूर्ण वाढते, हे तपासले. गाजर गवताखेरीज कुठेही त्याचे जीवनचक्र पुरे होईना. मग १९८४ साली त्याला शेतात सोडले. तरीही काही वर्षांनी कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि शेतकरी घाबरले. सरकारने नवे भुंगे सोडणे थांबवले, तज्ज्ञांची समिती नेमली. चौकशीत कारण सापडले. शेतात गाजर गवताची गर्दी असली की त्याचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडतात आणि त्या वासाने भुंगा तिथे कुरतडतो. पण सूर्यफुलावर त्याची पिढी वाढत नाही. मग बंदी उठली. मला ही सगळी गोष्ट संशोधनाच्या प्रामाणिकपणाचा नमुना वाटते. शंका आली, थांबले, तपासले, मग पुढे गेले. परक्या जीवाला मुद्दाम आणायचे तर एवढी काळजी घ्यावीच लागते.

भुंग्याने गाजर गवत संपवले का? नाही. मृगाचा पाऊस झाला की जमिनीत दडलेले भुंगे वर येतात, श्रावणापर्यंत पानांची चाळण करतात, आणि पाऊस ओसरला की पुन्हा मातीत जाऊन निजतात. इंदापूरसारख्या अवर्षणी भागात त्यांचा हंगाम आखूड. कालव्याच्या पाण्यावर मात्र गाजर गवत बारमाही उगवते. म्हणून शास्त्रज्ञ भुंग्याबरोबर तरोट्याचीही शिफारस करतात. पावसाच्या आधी बी फेकले तर तरोटा दाट येतो आणि गाजर गवताला डोके वर काढू देत नाही. पुण्याच्या आसपास तरोट्याच्याच कुळातले एक परके झुडूप अनेक ठिकाणी गाजर गवताला हटवून स्वतः ठाण मांडून बसले आहे. एका उपऱ्याने दुसऱ्याला घालवले, यात आनंद मानावा असे काही नाही.

आता उसाच्या फडात येऊ, कारण लासुर्ण्याचा विचार उसाला वगळून करता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि या कोरड्या पट्ट्याचे नशीब बदलले. पुढे वालचंदनगर उभे राहिले, भवानीनगरचा कारखाना आला. २००२ साली सांगलीकडून बातमी आली की उसाच्या पानांखाली कापसासारखे पांढरे काहीतरी साचते आहे. तो लोकरी मावा. ईशान्य भारतात आणि पूर्व आशियात तो आधीपासून होता, पण महाराष्ट्राच्या उसाला तो नवखा होता. वर्षा-दोन वर्षांत तो ऊसपट्ट्यात सगळीकडे पोचला. पाने काळी पडली, साखरेचा उतारा घटला, शेतकरी हवालदिल झाले. दहा-बारा फूट वाढलेल्या उसात फवारणी करायची कशी? माणूस आत शिरतच नाही. फवारले तरी मावा पानाच्या खाली, आणि औषधाने मरत होते ते त्याला खाणारे कीटक.

मदत फडातूनच आली. डिफा नावाच्या एका पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा नाजूक पंखांचा कीटक हे दोघे माव्यावर तुटून पडताना दिसले. शास्त्रज्ञांनी ते ओळखले, त्यांना वाढवण्याच्या पद्धती बसवल्या आणि शेतकऱ्यांना एक साधी गोष्ट शिकवली: ज्या फडात या अळ्या आहेत तिथली पाने तोडा, पोत्यात घाला, आणि मावा असलेल्या दुसऱ्या फडात अडकवून या. ईशान्य भारतातून एक बारीक परोपजीवी गांधीलमाशीही आणली गेली आणि ती इथे रुजली. काही हंगामांत लोकरी मावा आटोक्यात आला. माणसे ती धास्ती विसरूनही गेली. फवारणी थांबवणे हाच उपाय आहे, हे पटवायला मात्र शास्त्रज्ञांना जास्त कष्ट पडले. २०१८ साली अमेरिकी लष्करी अळी मक्यावर आली तेव्हाही स्थानिक मित्रकीटक आणि अळीला रोगट करणारी बुरशी मदतीला होती. पण औषधाच्या दुकानासमोरची रांग जास्त मोठी होती.

इथपर्यंत गोष्ट पिकांची आणि तणांची झाली. माझ्या मते या भागातले सर्वांत मोठे नुकसान वेगळ्याच जागी झाले आहे. त्याला आपण नुकसान म्हणतही नाही, कारण ते हिरवे दिसते.

लासुर्ण्याहून कडबनवाडीच्या बाजूला निघालात की ऊस मागे पडतो आणि माळ सुरू होतो. मुरमाड जमीन, हलका उतार, मधूनच हिवर, बोर, खैर, एखादा कडुलिंब, आणि बाकी सगळे गवत. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उन्हाळ्यात हा माळ बघणाऱ्याला वाटते, इथे काही नाही. सरकारी दप्तरातही अशा जमिनींचे वर्गीकरण बराच काळ पडीक, ओसाड असेच होत आले. ब्रिटिशांच्या वन खात्याला लाकूड हवे होते, म्हणून ज्या जमिनीवर इमारती लाकूड नाही ती वाया गेलेली. स्वतंत्र भारतानेही ती नजर फारशी बदलली नाही. पूर्वी इथे जंगल होते, माणसाने ते तोडले, मेंढ्यांनी उरलेले खाल्ले, म्हणून आता झाडे लावून जंगल परत आणू या, हा समज शाळेच्या पुस्तकापासून वृक्षारोपणाच्या फलकापर्यंत पसरला.

हा समज तपासायचा तर काही शतके मागे जायला हवे, आणि तेव्हाची छायाचित्रे नाहीत. मग पुरावा कुठला? पुण्याच्या आयसरमधील दिग्विजय पाटील आणि मिशिगन राज्य विद्यापीठातील आशिष नेर्लेकर यांनी तो मराठी साहित्यात शोधला. तेराव्या शतकापासूनच्या चरित्रांमधून, ओव्यांमधून, दैवतकथांमधून, धनगरांच्या परंपरेतल्या गाण्यांमधून त्यांनी झाडाझुडपांची नावे वेचली. चव्वेचाळीस रानटी वनस्पती ओळखता आल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश या उघड्या, गवताळ, काटेरी माळावरच्या निघाल्या. तरटीसारखे काटेरी झुडूप, हिवर, पळस. नीरेच्या खोऱ्यातल्या काटेरी, निर्मनुष्य रानात गुराखी आले ते तिथल्या मुबलक गवतासाठी, असे वर्णन त्या जुन्या मजकुरात आहे. नीरेचे खोरे म्हणजे हेच आपले शिवार. २०२५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. माळ किमान साडेसातशे वर्षे माळच आहे. उजाड झालेल्या जंगलाचा तो अवशेष नव्हे.

या अभ्यासाने मला फार आनंद दिला. ज्या ओव्या आपण भक्तीसाठी जपल्या त्यांत वनस्पतिशास्त्राची नोंदवहीही होती.

माळ पुरता बघायचा तर भाद्रपदात जावे. कुसळी पायाच्या मोज्यात शिरते. पवन्या कमरेला लागतो. मारवेलाचे तुरे जांभळट होतात. ही गवते कडक उन्हात कमी पाण्यावर वेगाने वाढणाऱ्या गटातली आहेत आणि त्यांना सावली अजिबात सोसत नाही. त्यांचा निम्म्याहून मोठा संसार जमिनीखाली असतो. दाट मुळांचे जाळे पावसाचे पाणी मुरवते, माती धरून ठेवते आणि तिच्यात कर्ब साठवते. वणवा येवो की मेंढ्यांचा कळप, वरचे जाते आणि खालचे शाबूत राहते. धाविक हा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. ती खड्यांत खडा होऊन मिसळतात, पण वर झुडूप आले तर धाविक ती जागा सोडतो. पखुर्डी, माळटिटवी, चंडोल यांचेही तसेच. हिवाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून भोवत्ये नावाचे शिकारी पक्षी हजारो किलोमीटर उडून इथल्या गवतात रात्री मुक्कामाला उतरतात. चिंकाऱ्याला लांबवर दिसले पाहिजे आणि पळायला मोकळे रान पाहिजे. खोकड, तरस, लांडगा हे सगळे या उघड्यावरचे रहिवासी. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले ते चिंकाऱ्यासाठी. क्षेत्र सुमारे पाच चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत चिंकारा मावत नाही. तो बाहेरच्या माळांवर, पडीक रानांवर जगतो.

अशा माळावर गेल्या काही दशकांत खड्डे खणले गेले आणि गिरिपुष्प लावले गेले. उद्देश चांगला होता. ते लवकर वाढते, शेळ्या फारसे खात नाहीत, पाऊस कमी असला तरी जगते, आणि कागदावर रोपे जगल्याचे प्रमाण उत्तम दिसते. याच गुणांनी घात केला. दाट सावलीखाली गवत संपले, आणि गवत संपले की त्यावरचे नाकतोडे, त्यांवरचे पक्षी, तृणचर, मागून लांडगा अशी साखळीच सुटत गेली. माळावर झाड लावून आपण जंगल मिळवत नाही, माळ गमावतो. हे वाक्य वन खात्यातल्याही अनेक अधिकाऱ्यांना आता पटते आहे. कडबनवाडीचा गवताळ पट्टा राखायला गावकरी पुढे आले, चिंकाऱ्यांसाठी पाणवठे झाले, आणि अलीकडे पुणे वन विभागाने इंदापूर आणि बारामती तालुक्यांत गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. माळ बघायला तिकीट काढून माणसे येतात, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी सांगितली असती तर कुणी मान्य केली नसती.

वेडी बाभूळ हे मात्र गिरिपुष्पाहून अवघड प्रकरण आहे. गिरिपुष्प लावले तिथेच राहते, ही चालत येते. १८७०च्या दशकात ती भारतात आणली गेली. जळणासाठी आणि उजाड जमीन झाकण्यासाठी अनेक राज्यांत तिचा प्रसार केला गेला. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६१ साली रणाचे खारेपण थोपवायला सुमारे ३१ हजार हेक्टरांवर ती मुद्दाम लावली. आज बन्नीचा निम्म्याहून अधिक भाग तिने व्यापला आहे. तिच्या पसरण्याची युक्ती साधी आहे. शेंगा गोड असतात. शेळ्या-मेंढ्या, गुरे, रानडुकरे त्या आवडीने खातात. कडक बी पचत नाही, पोटातून जाताना फक्त मऊ होते आणि लेंडीच्या खतासकट नव्या जागी पडते. मेंढरांचा वाडा बसवला की रानाला खत मिळते, ही आपली जुनी रीत. तीच रीत आता वेड्या बाभळीचे बीही पेरत जाते. यात धनगराचा काही दोष नाही. चराऊ माळ संपत गेले म्हणून तर उन्हाळ्यात या शेंगांवर कळप जगवावा लागतो.

तोडली तर ती का मरत नाही, हेही समजून घ्यायला हवे. तिच्या खोडाचा जमिनीखालचा वीतभर भाग सुप्त कोंबांनी भरलेला असतो. वरून कुऱ्हाड चालवली की एका खोडाच्या जागी दहा फांद्या फुटतात. जेसीबीने वर-वर साफ केलेले रान दोन पावसाळ्यांत पुन्हा भरते ते यामुळे. मुळाचा तो गड्डा उपटावा लागतो, आणि पुढची काही वर्षे नवी रोपे लहान असतानाच काढावी लागतात. मुळे खोल जातात आणि भूजल ओढतात. इथिओपियात मोजले तेव्हा एक झाड दिवसाला सरासरी सात लिटर पाणी हवेत सोडताना आढळले. एका झाडाचे सात लिटर काहीच नाहीत. झाडे मात्र हेक्टरी शेकड्यांनी असतात, आणि ती उन्हाळ्यातही हिरवी असतात.

बन्नीत नेर्लेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही तुकड्यांतून वेडी बाभूळ पूर्ण काढली, काहींत फक्त खालच्या फांद्या छाटल्या, काही तशाच ठेवल्या. मुळासकट काढलेल्या तुकड्यांत गवत आणि इतर वनस्पती सावरल्या. नुसत्या छाटणीचा फायदा तोकडा पडला. ‘वापरा आणि आवरा’ हा सल्ला ऐकायला गोड वाटतो, पण त्याला मर्यादा आहेत, हे या प्रयोगातून दिसले.

तरी ‘उपटून टाका’ असा एका ओळीचा आदेशही मी देणार नाही. इंदापूर, करमाळा, दौंडच्या बाजूला वेड्या बाभळीच्या कोळशाच्या भट्ट्यांवर माणसे पोट भरतात. त्यांत कोकणातून स्थलांतर करून येणारी कातकरी कुटुंबे असतात. गावातल्या गरीब घराची चूल अजूनही या सरपणावर पेटते. आधी पक्षी, चिंकारा, लांडग्याची घळ जिथे आहे असे चांगले माळ निवडावेत. तिथली वेडी बाभूळ रोजगाराच्या कामातून मुळासकट काढावी, आणि मोकळ्या झालेल्या जागी पवन्या, मारवेलाचे बी टाकावे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलाचे चाऱ्यासाठी सुधारलेले वाण दिलेलेच आहेत. माळाच्या राखणीसाठी मात्र त्याच माळावरचे बी गोळा केलेले बरे. गावाच्या उकिरड्याशी, पडक्या रानात उरलेली बाभूळ सरपणाला राहिली तर राहू द्यावी.

लांडग्याचा विषय निघाला म्हणून आणखी एका आगंतुकाचे नाव घेतो. त्याला कुणी आगंतुक समजत नाही. मोकाट कुत्रे. २०१४ साली पुण्याच्या परिसरात माळावर काही लांडगे वेगळ्याच पिवळसर रंगाचे दिसले. पुण्यातल्या ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’च्या कार्यकर्त्यांनी त्यांचा माग ठेवला, आणि पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात व एट्री संस्थेत जनुकीय तपासणी झाली. ते लांडगा आणि कुत्रा यांचे संकर असल्याचे सिद्ध झाले. कचऱ्याच्या ढिगांवर कुत्री वाढतात, माळावर येतात, चिंकाऱ्याची पाडसे मारतात, रोग पसरवतात आणि आता लांडग्याच्या रक्तातही शिरली. गावाचा कचरा कुठे टाकला जातो याचा लांडग्याच्या भवितव्याशी असा संबंध आहे.

इंदापूर तालुक्याची उत्तर सीमा म्हणजे उजनीचा जलाशय. १९८० साली धरण पुरे झाले आणि भीमा नदीचे तळे झाले. भिगवणला रोहित पक्षी बघायला गर्दी होते, पण पाण्याखाली काय झाले ते दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यात आज भरभरून येते ती चिलापी. तिलापियाला इथे सगळे चिलापीच म्हणतात. १९५२ साली आफ्रिकी मूळ असलेला हा मासा भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, आणि घाणेरड्या पाण्यातही तग धरते. पुणे-पिंपरीचे सांडपाणी, त्याबरोबर वाहत येणारी जलपर्णी, आणि वरून चिलापी, अशा तिहेरी मारात वाहत्या, स्वच्छ पाण्याची सवय असलेले नदीचे मासे मागे पडले. आफ्रिकी मांगूर तर त्याहून घातक. तो मांसाहारी आहे, हवेतून श्वास घेतो, पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून सरपटत एका तळ्यातून दुसऱ्यात जातो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, नंतर राष्ट्रीय हरित लवादानेही कडक आदेश दिले, तरी चोरून पालन चालत आले. चिलापीवर आज शेकडो कुटुंबांची रोजी आहे, तिला हटवणे आता शक्य नाही. मांगूर थांबवणे अजून शक्य आहे.

या सगळ्यांत गावाने काय करायचे, याचे एक साधन कायद्यानेच दिले आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेसाठी अनेक वर्षे कष्ट घेतले. बऱ्याच गावांत ती वही एजन्सीने एकसारखी भरून दिली आणि कपाटात गेली. तुमच्या गावची वही मागून बघा. तिच्यात कुसळी आहे का, पवन्या आहे का, धाविक आणि खोकड आहेत का ते पाहा. नसतील तर म्हाताऱ्या मेंढपाळाला आणि शाळेतल्या चार मुलांना घेऊन भाद्रपदात एक दिवस माळावर जा, नावे लिहा, वेड्या बाभळीचे बेट कुठवर आले ते नकाशावर खुणा करून ठेवा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा. येत्या जूनमध्ये कुणी ट्रकभर रोपे घेऊन माळावर खड्डे खणायला आले, तर खड्डा खणण्याआधी ही वही त्यांच्यापुढे ठेवा. रोपे गावात, शाळेत, पालखीच्या रस्त्याकडेला लावायला सांगा. तिथे सावली हवीच आहे.